कैनाडच्या लग्नातले तांदूळ

डाग शोधणं हा काही धंदा नाही, पण सरावलीच्या जतीनभाई सावेंनी तो पंचवीस वर्षं केला. कपड्यावरचे डाग नव्हेत. जुने सिनेमे धुऊनपुसून नव्याने डिस्कवर बाजारात येतात ना, त्या डिस्का बघायच्या आणि चित्र कसं आहे, आवाज कसा आहे, रंग उडालेत का, कुठे ओरखडा राहिलाय का, ते लिहून कळवायचं. मुंबईच्या एका फिल्म सोसायटीच्या अंकात त्यांचं अर्धं पान ठरलेलं असायचं. वाचणारे तीनशे असतील, त्यातले निम्मे आता वर गेले, आणि उरलेल्यांच्या घरात डिस्क लावायचं यंत्रच राहिलेलं नाही. तरी जतीनभाई लिहीत होते, कारण थांबा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हे खूळ लागलं कुठून, तर डहाणू रोडला स्टेशनसमोर त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती तिथून. वडिलांची चिकूची वाडी होती, ती सांभाळायची सोडून हा मुलगा दिवसभर कॅसेटी पुसत बसायचा. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात. जतीनभाई नाइलाजाने वाडीत परतले, पण मागच्या खोलीत एक चांगला टीव्ही, एक प्लेअर आणि एक लांब वही एवढा संसार त्यांनी वाचवला. त्यांची बायको मयूरी त्या खोलीला दवाखाना म्हणते, कारण तिथे फक्त आजारी सिनेमे येतात.

तपासायची त्यांची एक रीत होती. प्रत्येक सिनेमा तीनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून, नुसतं चित्र. दुसऱ्यांदा टीव्हीकडे पाठ करून, नुसता आवाज. आणि तिसऱ्यांदा खुर्चीत बसून, चहा घेत, साध्या माणसासारखा. तिसऱ्या वेळी जे खुपतं तेच खरं, असं ते सांगायचे. पूर्वी ही रीत मोडायची नाही म्हणजे नाही. पण माणूस दमतो हो. गेली दोन-तीन वर्षं उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशनची तारीख पुढे ढकलणं चाललंय, आणि तिसरी वेळ कधी गळून पडली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

अशात गेल्या वर्षी ‘सुकी खाडी’ आला. हा सिनेमा चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच भागात, कैनाडला, शूट झालेला. खाडीवरच्या जमिनीसाठी दोन भाऊ वैरी होतात आणि त्यातला धाकटा मरतो, अशी रडकी पण मनाला लागणारी गोष्ट. प्रिंट सडायला आली होती, ती मुंबईतल्या एका छोट्या कंपनीने दुरुस्त केली आणि डिस्क काढायच्या आधी चाचणीची प्रत जतीनभाईंकडे पाठवली. तुमच्या गावचा सिनेमा, तुम्हीच बघा, असं गोड पत्रही सोबत होतं. जतीनभाई हरखले. आवाज बंद करून एकदा पाहिला, पाठ करून एकदा ऐकला आणि दोन दिवसांत लिहून मोकळे झाले. त्या लिखाणातली एक ओळ कंपनीने डिस्कच्या डबीवर मागच्या बाजूला छापली: “चित्र इतकं निर्मळ की शोधूनही एक कण सापडत नाही. जतीन सावे, डहाणू.” डबीवर नाव यायची ही त्यांची पहिलीच वेळ. मयूरीने डबी देवघराशेजारच्या फळीवर उभी करून ठेवली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी जमना आली. जमना कैनाडच्या पाड्यावरची. तीस वर्षं ती सावेंच्या वाडीत कामाला येतेय, चिकू निवडताना तिचा हात कधी चुकत नाही, आणि मागणं म्हणून तिने कधी काही तोंडातून काढलेलं जतीनभाईंनी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ती ओट्यावर बसली आणि म्हणाली की तो शिणमा परत आलाय म्हणतात, तो आमच्या घरी येऊन दाखव. जतीनभाईंना वाटलं, बाईला हौस आली असेल. हौस कसली, तिच्या जिवाला घोर लागला होता.

झालं होतं असं. जमना आणि काळ्या तरुणपणी एकत्र राहायला लागले, ते लगीन न लावताच. त्यांच्या पाड्यावर यात कोणाला काही वावगं वाटत नाही. लग्नाला धान्य लागतं, ताडी लागते, आल्यागेल्याला जेवण लागतं, ते जमेल तेव्हा लगीन लागतं. पुष्कळांचं पोरंबाळं झाल्यावर लागतं. एक मात्र पक्कं असतं. पोराच्या लग्नात आईबाप म्हणून मांडवात बसायचं तर आधी स्वतःचं लगीन लागलेलं हवं. नसेल तर त्याच मांडवात पहिलं आईबापाचं लगीन लावतात, मग पोराचं. आता जमनाचा मुलगा दिपक आणि उधवा गावची संगीता, ही दोघंही चौदा वर्षं अशीच एकत्र नांदत होती. फाल्गुनात लगीन करायचं त्यांनी ठरवलं. आणि काळ्या तर मागच्या पावसाळ्यात गेला. तेव्हा जमनाचं लगीन लागलं होतं की नाही, हा प्रश्न आता उभा राहिला, आणि लागलं नव्हतं असं ठरलं तर ते लावायला काळ्या कुठून आणायचा? मग दिपकच्या मांडवात आईच्या जागी काळ्याची वहिनी रखमी बसणार, आणि जमना बाहेर, पाव्हण्यांच्यात.

जमना म्हणत होती की लागलंय. कुठे, तर सिनेमात.

आता हे ऐकून तुम्ही हसाल, पाडाही आयुष्यभर हसलाच. पण गोष्ट खरी होती. ‘सुकी खाडी’त धाकटा भाऊ पोलिसांपासून पळत एका लग्नाच्या गर्दीत शिरतो, असा प्रसंग आहे. शूटिंगवाल्यांना लगीन अस्सल हवं होतं. त्यांनी पाड्यावर विचारलं, लगीन राहिलेलं कोणी जोडपं आहे का. काळ्या पुढे झाला. धान्य शूटिंगवाल्यांचं, ताडी त्यांची, कपडे त्यांचे; लाल फेटा तेवढा काळ्याने परत दिला नाही. सवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला, आणि रूपी नावाची म्हातारी धवलेरी, म्हणजे लगीन लावणारी, गाणी म्हणणारी बाई, तिला बोलावलं. शूटिंगवाले म्हणाले, दोन ओळी म्हण, पुरे. रूपी म्हणाली, चौकासमोर बसून मी अर्धं गात नाही. ती अख्खं गायली, तीन तास, आणि कॅमेरावाले तोपर्यंत सावलीत झोपा काढत होते. काळ्या पुढे जन्मभर सांगायचा की माझ्या लग्नाचा खर्च मुंबईने केला. लोक त्याला ‘शिणमातला नवरा’ म्हणून चिडवायचे, आणि तो खूश व्हायचा.

जतीनभाईंना हे माहीत होतं, कारण ते तिथे होते. वीस वर्षांचे होते, शूटिंग बघायला सायकल मारत गेले होते, आणि गर्दी कमी पडते म्हणून कोणीतरी त्यांना दंडाला धरून मांडवात उभं केलं होतं. सिनेमात ते डावीकडून दुसरे दिसतात, हात वर करून तांदूळ टाकताना.

रखमीला हे लगीन मान्य नव्हतं. ती त्या उन्हाळ्यात मिठागरावर कामाला गेली होती, तिने पाहिलं नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं. त्या शिणमात मेलेला भाऊ संध्याकाळी टपरीवर चहा पीत बसलेला सगळ्यांनी बघितला. तो मेलेला खोटा, तर लगीन खरं कसं? जे हजर होते त्यातले बहुतेक मेले, रूपीही मेली. तिच्या हाताखाली शिकलेली धाकली नावाची बाई आता उधव्याला धवलेरी आहे, तीच दिपकचं लगीन लावणार होती. तिने भांडण न वाढवता एवढंच सांगितलं की चौक लिहिलेला हवा, गाणं शेवटापर्यंत झालेलं हवं, आणि तांदूळ दोघांवर पडलेले हवेत. चौक आणि गाणं ती मानत होती, कारण रूपीने स्वतः तिला सांगितलं होतं. तांदळाचं रूपी काही बोलली नव्हती.

जतीनभाई म्हणाले, एवढंच ना, तांदूळ मी स्वतः टाकलेत, चला दाखवतो. रविवारी दुपारी प्लेअर पिशवीत घालून, स्कूटरवर पायात धरून ते कैनाडला गेले. दिपक तलासरीच्या कारखान्यात कामाला आहे, त्याने गेल्या वर्षी मोठा टीव्ही घेतला होता. घरात पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसली. धाकली बसने आली होती. रखमी दाराशी बसली, उठायला सोपं पडावं म्हणून. आणि जमना अगदी पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर.

लग्नाचा प्रसंग आला. चित्र असं लख्ख, की चौकातली एकेक रेघ दिसत होती. रूपीचा आवाज आला तेव्हा धाकलीने डोळे मिटून मान हलवली. मग मांडवातले सगळे हात एकदम वर गेले, बोटं उघडली, आणि काहीच पडलं नाही. एक दाणा नाही. हवा रिकामी, स्वच्छ. डावीकडून दुसरा तो वीस वर्षांचा जतीन सावे हात वर करतो, बोटं फाकवतो, आणि त्याच्या मुठीतून काहीच निघत नाही.

जतीनभाईंनी मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा तेच. रखमी मोठ्याने बोलली नाही, ते एक बरं. ती म्हणाली की मी हेच म्हणत होते, हात हलवायला सांगितले, यांनी हलवले. आणि ती उठून गेली.

झालं काय होतं ते जतीनभाईंना त्याच क्षणी कळलं, आणि लोकांना समजावताना त्यांची जीभ अडखळायला लागली. सिनेमा म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली चित्रं. धूळ असते ती एकाच चित्रावर बसलेली असते, मागच्या-पुढच्यावर नसते. म्हणून धूळ काढणाऱ्या कॉम्प्युटरला शिकवलेलं असतं की जो ठिपका एका चित्रात आहे आणि लगेच पुढच्यात त्या जागी नाही, तो पुसून टाक. आता पडणारा तांदळाचा दाणा एका जागी दोन चित्रं तरी थांबतो का? यंत्राने बिचाऱ्याने सगळे तांदूळ धूळ समजून झाडून टाकले. हे असं होतं, हे जतीनभाईंना वीस वर्षांपासून ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या सिनेमांतला गायब झालेला पाऊस आणि शेकोटीच्या विझलेल्या ठिणग्या त्यांनी पकडल्या होत्या, कंपन्यांना पत्रं लिहून लाज आणली होती. आणि इथे?

पाड्यावरच्या लोकांनी ते ऐकून घेतलं. यंत्राला तांदूळ आणि धूळ कळत नाही, हे काही त्यांना पटलं नाही. दिपक तेवढा म्हणाला की होईल असं, कारखान्यात पण मशीन चांगला माल फेकून देतं. जमनाने प्लेअरची वायर नीट गुंडाळून जतीनभाईंच्या हातात दिली.

घरी येऊन त्यांनी आपली वही काढली. ‘सुकी खाडी’चं पान. चित्राच्या रकान्यात लग्नाच्या प्रसंगापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: पाहिलेलं आहे, पुढे. म्हणजे आवाज बंद करून बघताना हा प्रसंग त्यांनी पळवला होता. का, तर त्यात आपण आहोत, तो आपल्याला तोंडपाठ आहे. दुसऱ्या वेळी तर टीव्हीकडे पाठच होती. तिसरी वेळ झालीच नाही. अख्ख्या सिनेमात त्यांनी न बघितलेला एवढाच तुकडा, आणि कंपनीने दुरुस्तीसाठी तीन आठवडे दिले होते! त्याच्या खाली आणखी एक ओळ होती: लग्नानंतर नवरदेव मध्येच काहीतरी चघळतो, हौशी नटांना शिस्त नाही. ही टीकाही त्यांनी छापून आणली होती. जतीनभाईंनी वही मिटली. मयूरीने विचारलं तेव्हा त्यांनी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “दुसऱ्याचं कुसळ शोधायला बसवलेला माणूस तुम्ही, तुम्हाला स्वतःचा हात रिकामा दिसला नाही?” मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने फळीवरची डबी आत नेऊन ठेवली.

कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आलं. प्रती छापून झाल्यात, पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू. पुढची आवृत्ती निघणार नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत होतं आणि वाचणाऱ्यालाही.

मग त्यांना कॅसेट आठवली. टीव्हीवर कधीकाळी हा सिनेमा लागला होता, तो त्यांनी लायब्ररीसाठी उतरवून घेतला होता. माळ्यावरच्या खोक्यांत दोन दिवस शोधल्यावर ती सापडली, बुरशी धरलेली. त्यांनी ती उघडून कापसाने पुसली, जुना व्हीसीआर चालू केला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा कैनाड गाठलं. पाठ दुखत होती, डोळा चुरचुरत होता. काय करतोय हे आपण, असं वाटेत दोनदा त्यांच्या मनात आलं.

कॅसेट लागली. लग्नात हात वर गेले आणि पांढरे दाणे असे पडले की घरात एकदम हुश्श झालं. दिपकने आईकडे बघितलं. पण कॅसेट चालूच होती. पुढे खाडीवरचा प्रसंग आला, तिथेही पांढरं पडत होतं. पोलीस चौकीत पडत होतं, भर दुपारी विहिरीवर पडत होतं. बुरशीने अख्खी फीतच खाल्लेली, त्यामुळे सिनेमाभर नुसता सडा. रखमी म्हणाली की विहिरीवर कोणाचं लगीन होतं? या वेळी काही माणसं हसली, आणि जतीनभाईंनाही हसू आलं, ते रडण्याच्या जवळचं होतं.

तेव्हा धाकली त्यांच्याकडे वळली. ती म्हणाली की शिणमाचं राहू दे, तू होतास ना, तू सांग.

“मी तांदूळ टाकले,” जतीनभाई म्हणाले.

रखमीने दारातून विचारलं, “तुला आठवतं, का तू टीव्हीत बघितलंस?”

जतीनभाईंनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. तालमीच्या वेळी तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून रिकामे हात उडवायला लावले होते, ते चार-पाच वेळा झालं. शेवटी एकदा सूप फिरवलं होतं, मुठी भरून घेतल्या होत्या. की हे पडद्यावरून डोक्यात शिरलंय? तो सिनेमा त्यांनी इतक्या वेळा पाहिला होता की तो दिवस त्याच्या खाली गाडला गेला होता. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, हो. तीस वर्षं त्यांच्या वाडीत राबलेली बाई समोर बसली होती, आणि तिच्यासाठी हो म्हणायला कोणाची हरकत नव्हती.

“आता सांगता येत नाही,” ते म्हणाले. “आठवतं असं वाटतं. पण शपथ घेऊन नाही सांगता येणार.” मग त्यांनी उरलंसुरलंही सांगून टाकलं. हा सिनेमा छापायच्या आधी माझ्याकडे तपासायला आला होता, तांदूळ गेलेले मी धरले असते तर परत घालता आले असते, आणि मी तेवढाच भाग न बघता पुढे गेलो. साठ वर्षांचा वाडीवाला माणूस पाड्यावर माफी मागतोय, हे बघून लोकच ओशाळले. धाकलीने जमिनीकडे बघत पदर सारखा केला. आता ती काय बोलणार ते सगळ्यांना दिसत होतं.

जमना मात्र टीव्हीकडेच बघत होती. ती म्हणाली की ती चांगली वाली लाव परत. मला त्याला बघायचंय.

काळ्याचा एकच फोटो घरात होता, आधार कार्डावरचा, त्यात तो चोरासारखा दिसायचा. कॅसेटीत त्याचा चेहरा म्हणजे नुसता डाग. नव्या डिस्कमध्ये तो बावीस वर्षांचा, दाढीचे खुंट दिसतील असा स्पष्ट होता. मागच्या रविवारी सगळे हातांकडे बघत होते आणि प्रसंग संपताच जतीनभाईंनी घाबरून बंद केलं होतं, त्यामुळे तिला तो नीट बघताही आला नव्हता. जतीनभाईंनी निमूटपणे डिस्क लावली. चौक, रूपीचं गाणं, वर गेलेले रिकामे हात. या वेळी त्यांनी बंद केलं नाही. हात खाली आले, आणि चित्र बदललं. नवरा-नवरी शेजारीशेजारी बसलेली, जवळून घेतलेली. काळ्या हळूच जमनाच्या केसांकडे हात नेतो, काहीतरी उचलतो, तोंडात टाकतो आणि चघळायला लागतो.

“थांबव,” जमना म्हणाली.

जतीनभाईंनी थांबवलं. जमना उठली, आणि तिने टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं, काळ्याच्या लाल फेट्यावर. फेट्याच्या घडीत तीन पांढरे दाणे अडकले होते. एक त्याच्या खांद्यावर होता. मग तिने बोट सरकवून स्वतःच्या केसांवर नेलं. कानामागे दोन, भांगाजवळ एक.

“माझ्या केसातला दाणा त्याने खाल्ला,” ती म्हणाली. “कॅमेरावाला त्याला किती ओरडला. तो म्हणाला, माझ्या लग्नाचा दाणा आहे, मी खाणार.”

जतीनभाई पुढे सरकले, मोतीबिंदूचा डोळा मिटून चांगल्या डोळ्याने बघितलं. होते. पडणारे दाणे यंत्राने पुसले होते, पण पडून एका जागी बसलेले त्याने धूळ समजले नव्हते, कारण ते हलत नव्हते. उलट डिस्क इतकी साफ झाली होती म्हणूनच ते दिसत होते. कॅसेटवर किंवा जुन्या पडद्यावर ते कोणाच्या बापाला दिसले नसते. वहीत लिहिलेलं ते चघळणं, ती बेशिस्त, ती हीच. पंचवीस वर्षं डाग शोधणाऱ्या माणसाने ते पाहिलं, नोंदवलं, छापलं, आणि तरी ते त्याला दिसलं नाही. जमनाला दिसलं, कारण ती सिनेमा बघत नव्हती, नवऱ्याला बघत होती.

धाकली उठून जवळ गेली. तिने वाकून, वेळ घेऊन बघितलं, आधी त्याच्या डोक्यावर, मग तिच्या. मग ती म्हणाली की पडलेत, दोघांवर. आणि परत जागेवर जाऊन बसली. तिच्याकडून विषय संपला होता.

रखमी बराच वेळ दारातच होती. तिनेच काळ्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्याला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. शेवटी ती आत आली, जमनाच्या शेजारी बसली आणि म्हणाली की बंद करू नका, राहू दे जरा. टीव्हीवर काळ्या तसाच थांबलेला होता, तोंडात दाणा, गालात हसू. दोघी जावा त्याच्याकडे बघत बसल्या. कोणी चहा ठेवला. जतीनभाईंना इतका थकवा आला होता की त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले, आणि त्यांना कोणी उठवलं नाही.

फिल्म सोसायटीच्या पुढच्या अंकात त्यांनी अर्ध्या पानाऐवजी चारच ओळी दिल्या. ‘सुकी खाडी’च्या डबीवर माझ्या नावाने छापलेली ओळ चुकीची आहे. लग्नाच्या प्रसंगातले तांदूळ गेले आहेत आणि ते मी पाहिलं नाही. नवरदेवाबद्दल लिहिलेलं मी मागे घेतो. यापुढे मी हे काम करणार नाही. संपादकाने फोन करून आग्रह केला, तर ते म्हणाले की डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते खरंही होतं.

फाल्गुनात दिपक-संगीताचं लगीन लागलं. धाकली चौकासमोर बसून सगळं गाणं गायली, आणि जतीनभाई ऑपरेशन झालेल्या डोळ्याला काळा चष्मा लावून गर्दीत उभे होते. रखमी सूप घेऊन तांदूळ वाटत फिरत होती. त्यांच्यापुढे येऊन तिने मूठभर तांदूळ त्यांच्या हातावर ठेवले आणि तशीच उभी राहिली. जतीनभाईंनी मूठ उघडून आधी नीट बघितलं, मग मिटली. ते बघून ती पुढे गेली.

हात वर गेले, तांदूळ पडले. नवरा-नवरीवर पडले, आणि त्यांच्यामागे आईच्या जागी बसलेल्या जमनावरही पडले. तिच्या शेजारची बापाची जागा रिकामी होती, तिथे काळ्याचा लाल फेटा घडी करून ठेवला होता, त्यावरही पडले. गलका सुरू झाला, लोक जेवायला उठले. जमना बसून राहिली. तिने कानामागे बोट नेलं, केसात अडकलेला एक दाणा काढला आणि तोंडात टाकला.